खरखरीत बाजू समुद्राची

"आत्या, आधी तो कोयता खाली ठेव!" भिंगरी ओरडली.

"ठेवते ना. त्या साहेबाच्या टेबलावर, बरोबर मधोमध ठेवते!"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात वाटेचा कारभार बघणाऱ्या ऑफिसातून आलेलं पत्र. कोयता रोजचाच होता. कड्यावरच्या वाटेत घुसणारी काटेरी झुडपं छाटायला तो तिला लागायचाच. पत्र मात्र आजच आलं होतं, आणि दोघांत जास्त धार होती ती पत्राला!

पंडितने ते पत्र हळूच तिच्या मुठीतून सोडवून घेतलं आणि चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं.

"'आपल्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्या पुळणीवरील कड्यावरून एक महिला पडून जखमी झाली. प्रत्यक्ष पाहणीत आपला दोष आढळला आहे. आज दुपारी चार वाजता समितीसमोर हजर राहावे. येताना फाटकांच्या किल्ल्या परत आणाव्यात.'"

"म्हणजे चौकशी नंतर आणि किल्ल्या आधी?" ढब्बूने विचारलं. तोंडात केळं असलं तरी डोकं चालायचं त्याचं.

भिंगरी बारा वर्षांची. एका जागी बसली तर तिला पायांत मुंग्या यायच्या, म्हणून ते नाव. ढब्बू तिचा धाकटा भाऊ, आणि पंडित त्यांचा चुलतभाऊ. तो एका वर्षाने मोठा आणि दहा वर्षांनी मोठा असल्यासारखा बोलणारा. तिघंही दर सुट्टीत आत्याकडे यायची, कारण आत्याकडे समुद्र होता. नुसता बघायचा नव्हे, चालायचा समुद्र! गावाच्या शेवटच्या गल्लीपासून कड्याकड्याने एक पायवाट निघायची आणि सात पुळणींवरून जायची. खाली पिवळी वाळू, वर वारा, आणि मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. ती वाट राखायची म्हणजे झुडपं छाटायची, पायऱ्या बसवायच्या, फाटकांना तेल घालायचं. हे सगळं गेली एकोणीस वर्षं आत्या एकटीने करत होती. लांबून येणारे लोक वाटेचे फोटो काढून घेऊन जायचे. आत्याचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता, आणि तिनेही कुणाला काढू दिला नसता.

प्रत्येक वळणावर आत्याने दगडांची कमरेएवढी उतरंड रचली होती. वाट चुकू नये म्हणून. पण ती कशीही रचलेली नव्हती! वर्षानुवर्षं समुद्राचा वारा खाल्लेली दगडाची बाजू खरखरीत असते, तिच्यावर नारिंगी दगडफूल चढलेलं असतं. ती बाजू आत्या नेहमी समुद्राकडे ठेवायची. गुळगुळीत, फिकी बाजू वाटेकडे. पहिल्या फाटकावर तशी पाटीच होती: "धुकं असेल तर उतरंडीला हात लावा. खरखरीत बाजू समुद्राची, गुळगुळीत बाजू वाटेची." डोळ्यांना काही दिसलं नाही तरी हाताला कळावं, एवढी साधी गोष्ट.

गेल्या मंगळवारी सकाळी दाट धुकं होतं. सुट्टीवर आलेल्या एका शाळेतल्या बाई एकट्याच चालत होत्या. तिसऱ्या पुळणीवरच्या उतरंडीला त्यांनी हात लावला, गुळगुळीत बाजू शोधली आणि त्या बाजूला पाऊल टाकलं.

त्या बाजूला वाट नव्हतीच! नुसती हवा होती! नशिबाने दोन माणसांच्या उंचीइतकं खाली खडकाचा टप्पा होता. त्यावर बाई आपटल्या आणि पाय दोन ठिकाणी मोडला. तो टप्पा नसता तर काय झालं असतं, ते आत्याने मुलांना सांगितलं नव्हतं. पण सहा दिवस तिला नीट झोप नव्हती, त्यावरून मुलांनी ओळखलं होतं.

"म्हणतो, माझं वय झालं, मला विसर पडतो!" आत्याचा आवाज चढला. "मला? हा साहेब पाच वर्षांचा असताना पहिल्या फाटकात डोकं अडकवून भोकाड पसरून बसला होता, ते डोकं मी सोडवलं! ते अजून आठवतंय मला! तसंच राहू द्यायला पाहिजे होतं!"

"पण आत्या, तू स्वतः जाऊन का नाही बघितलंस?" पंडितने विचारलं.

"जाऊ देतोय कुठे! आधी दहा दिवस मला ऑफिसच्या गाडीने थेट सातव्या पुळणीवर नेऊन तिथल्या पायऱ्यांच्या कामाला लावलं. बाई पडल्या त्या दिवशी वाट दोराने बंद केली आणि मला सांगितलं, 'चौकशी होईपर्यंत वाटेवर पाऊल ठेवायचं नाही.' एकोणीस वर्षं जिथे घाम गाळला, तिथे मलाच पाऊल ठेवायची बंदी!"

आणि मग आत्या एकदम गप्प झाली. ती ओरडत होती तोवर ठीक होतं. ती गप्प झाली तेव्हा मुलं घाबरली. तिने कमरेच्या किल्ल्या काढल्या, फडक्याने एकेक पुसली आणि टेबलावर ओळीने मांडून ठेवली. जणू द्यायच्याच आहेत!

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वाट बंद आहे," ती सावकाश म्हणाली. "पुळण बंद नाहीये ना?"

पंडित लगेच दारामागे लावलेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे वळला. "पूर्ण ओहोटी बारा चाळीसला. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पुळणीच्या मधलं खडकाचं नाक उघडं पडतं. आत्ता साडेअकरा."

"आत्या, आम्ही वाळूत खेळायला जातो!" ढब्बू म्हणाला.

आत्याने तिघांकडे पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून तिने भिंगरीच्या हाताला बांधलं, अगदी करकचून.

"परत येताना दीड वाजता ते नाक ओलांडलेलं पाहिजे. एक मिनिट उशीर चालणार नाही, पाणी कुणाची वाट बघत नाही. मी काही विचारलेलं नाही आणि तुम्ही काही सांगितलेलं नाही. पळा!"

पहिली पुळण त्यांनी पळतच पार केली. दुसरीवर ढब्बूचा वेग कमी झाला.

"वाळू पाय खेचतेय माझे!"

"वाळू नाही, सकाळची चार अंडी खेचताहेत!" भिंगरी म्हणाली. "चल!"

डाव्या हाताला कडा उभाच्या उभा चढला होता, लाल मातीचा आणि काळ्या खडकाचा. त्याच्या खाचांत पांढरे पक्षी बसले होते, आणि ते मुलांकडे असे बघत होते की जणू यांनाही पाहणीला साहेबानेच पाठवलंय. उजवीकडे पाणी लांब मागे हटलं होतं. पुढे खडकाचं नाक ओलं, हिरवं, शेवाळाने बुळबुळीत झालेलं.

"बसून, हात टेकून सरका," पंडित म्हणाला. "इथे हिरोगिरी नको."

"हे तू सांगतोयस? काल न्हाणीघरात घसरलास तू!"

"म्हणूनच सांगतोय!"

गुडघाभर पाण्यातून, एकमेकांचे शर्ट धरून, तिघं पलीकडे उतरली. तिसरी पुळण लहानशीच, चंद्रकोरीसारखी. तिच्या टोकाला आत्याने खडकात खोदलेल्या पायऱ्या होत्या. एक्केचाळीस! ढब्बूने मोजल्या, आणि प्रत्येक पायरीवर साहेबाला एकेक नाव ठेवलं. एकविसाव्या पायरीला त्याची नावं संपली, तेव्हा भिंगरीने आपली उसनी दिली.

वर पोचली आणि तिघंही जागच्या जागी थबकली.

उतरंड कड्याच्या अगदी काठावर उभी होती. तिच्यात आणि खालच्या समुद्रात वीतभर जमीन होती, बस्स!

"आत्या हिला इथे ठेवेल?" ढब्बू पुटपुटला. "आत्या तर आपल्याला काठापासून दहा हातांवरही उभं राहू देत नाही!"

"थांबा." भिंगरी जमिनीवर पालथी झाली आणि पोटावर सरकत पुढे गेली. पंडितने तिचे दोन्ही घोटे घट्ट धरले. तिने डोळे मिटले आणि पाटीवर लिहिल्याप्रमाणे हात फिरवला. अलीकडची बाजू खरखरीत. पलीकडची गुळगुळीत. म्हणजे वाट पलीकडे! तिने डोळे उघडले. पलीकडे, खोल खाली, लाट फुटत होती.

ती सरकत मागे आली आणि रागाने तिने जमिनीवर मूठ आपटली.

"उलटी लावलीय! एकूण एक दगड उलटा! त्या बाईंनी सगळं बरोबर केलं होतं रे! पाटीवर होतं तसंच केलं, म्हणून त्या पडल्या!"

"आणि वरचा पांढरा दगड नाहीये," पंडित म्हणाला. आत्या प्रत्येक उतरंडीवर शेवटी एक पांढरी गारगोटी ठेवायची. इथे ती जागा रिकामी होती.

"अरे, इकडे या!" मागून ढब्बू ओरडला. तो झुडपांजवळ, वाटेच्या कडेला उकिडवा बसला होता. तिथे गाडीच्या चाकाएवढा गोल होता. सगळीकडे हिरवं गवत आणि त्या गोलात नुसती फिकट, दबलेली माती. गवताची चार पिवळी मुळं आणि उघडी पडलेली किड्यांची रिकामी बिळं.

"इथे होती ती! एकोणीस वर्षं इथेच होती!"

पंडितने पावलं मोजली. बावीस. त्याने वहीत चित्र काढलं. काठ, उतरंड, गोल, मधे बावीस पावलं. "दगड काही पायांनी चालत गेले नाहीत. कुणीतरी नेले. पण का? एवढे जड दगड उचलून काठावर कोण नेईल?"

"ते नंतर," भिंगरी घड्याळ बघून किंचाळली. "एक वाजून एकवीस मिनिटं! पळा!"

नाकापाशी पाणी आता कमरेला लागत होतं. एक लाट आली आणि ढब्बू बसकन खाली बसला. दोघांनी त्याला काखेत हात घालून ओढलं, तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

"माझी चप्पल!"

"जाऊ दे! समुद्राला एका पायाची गरज असेल!"

पलीकडे कोरड्या वाळूत तिघं आडवी झाली तेव्हा घड्याळात एक अडतीस झाले होते. एवढा वेळ जे हसण्यावारी नेलं होतं, ते अंगावर आता आलं.

बरोबर चार वाजता आत्या ऑफिसच्या खोलीत शिरली, मागून तीन मुलं. ढब्बू एका चपलेवर लंगडत.

"मुलांना इथे परवानगी नाही," साहेब म्हणाले.

"माझ्या बाजूने बोलायला तुम्ही दुसरं कुणी ठेवलंय का?" आत्याने विचारलं.

"बसू द्या त्यांना," समितीच्या अध्यक्ष म्हणाल्या. त्या गावातल्या जुन्या डॉक्टरबाई. त्यांच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत, मांडीपर्यंत प्लास्टर घातलेल्या त्या शिक्षिका बसल्या होत्या. डोळे खाली घातलेले. पंखा करकरत होता. कोपऱ्यात नव्या पोस्टरांचे गठ्ठे रचले होते आणि खोलीभर छापखान्याच्या शाईचा वास होता.

साहेबांनी घसा साफ केला आणि सुरू केलं. वाट, जबाबदारी, वय, विसर. भिंगरीचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे नव्हतंच. ते टेबलावरच्या कागदांकडे होतं. कागद पंख्याने उडू नयेत म्हणून साहेबांनी त्यांच्यावर वजन ठेवलं होतं.

पांढरी गारगोटी!

तिने वर पाहिलं. साहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर नवंकोरं पोस्टर: "या, कड्याकड्याने चालूया!" चित्रात मागे निळा समुद्र, आणि पुढे कड्याच्या काठावर नारिंगी दगडांची उतरंड. डोक्यावर तीच गारगोटी.

भिंगरीने ओरडायला तोंड उघडलं आणि पंडितने तिच्या दंडाला जोरात चिमटा काढला.

"ओरडलीस तर म्हणेल, उतरंड आधीपासूनच तिथे होती," तो कानात कुजबुजला. "त्याच्याच तोंडून यायला हवं. गोड बोल."

"मी? आत्ता? गोड?"

"माझं गोड बोलणं खरं वाटत नाही. तू बोल!"

भिंगरीने दोन्ही मुठी पाठीमागे आवळल्या. घशात कारल्याचा घोट असावा तशी ती हसली.

"साहेब, मधेच बोलते हं. पण तो फोटो किती सुंदर आहे! फोटोवाल्याचं डोकं भारीच असणार!"

साहेब थांबले. वळून त्यांनी पोस्टरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"फोटोवाल्याचं कसलं डोकं! तो तर तिकडे झुडपांत फोटो काढत बसला होता. मागे समुद्र नाही, काही नाही! मी म्हटलं, अरे बाबा, उचला ते दगड आणि मांडा काठावर! शिवाय एक बाजू अगदीच फिकी, तिला रंगच नाही. म्हटलं, फिरवा! नारिंगी बाजू कॅमेऱ्याकडे करा! ड्रायव्हर आणि तो, दोघे तासभर राबले, तेव्हा कुठे हा..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. पंखा करकरत होता.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "थांबलात का? हा... काय?"

"फोटो," साहेब बारीक आवाजात म्हणाले.

"आणि फोटो काढून झाल्यावर दगड परत कुणी ठेवले?"

"ते... ड्रायव्हरला सांगणार होतो मी. पण जेवायची वेळ झाली होती."

"जेवायची वेळ!" आत्या एवढ्या जोरात उठली की खुर्ची मागे पडली. "माझे दगड उलटे करून तुम्ही जेवायला गेलात! आणि पत्रात माझा विसर!"

पंडितने वही उघडून डॉक्टरबाईंसमोर ठेवली. "हे आज आम्ही पाहिलं. बावीस पावलं. आत्याची जुनी जागा अजून दिसते, तिथे गवत नाही. आणि त्या कागदांवरची गारगोटी कुठली आहे, तेही विचारा."

साहेबांनी गारगोटीवर हात झाकला. मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं आणि त्यांनी हात काढला. "छान दिसत होती, म्हणून उचलली," ते म्हणाले.

"आणि तुमच्या अहवालात लिहिलंय, 'प्रत्यक्ष पाहणी केली'," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कधी केलीत?"

"म्हणजे... पहिल्या फाटकापर्यंत गेलो होतो. दोर तिथेच बांधायचा होता. फोटोच्या दिवशी कसाबसा चढलो होतो, पुन्हा कोण चढणार? पुढे चढ फार आहे हो."

"त्याच फाटकावर पाटी आहे!" आता मात्र भिंगरी ओरडलीच. "दोर बांधताना ती तुमच्या नाकासमोर होती! ती वाचली असती तरी कळलं असतं, दगड फिरवले की माणूस मरतो!"

मग चाकांच्या खुर्चीतून हलका आवाज आला.

"सहा दिवस," शिक्षिका म्हणाल्या, "सहा दिवस मला वाटत होतं, चूक माझीच. दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवते मी, आणि मला साधी पाटी कळली नाही. पायापेक्षा ते जास्त दुखत होतं." त्यांनी भिंगरीचा हात धरला. "मुलांनो, तुम्ही माझ्यासाठी केवढं मोठं काम केलंत, ते तुम्हाला मोठेपणी कळेल."

डॉक्टरबाईंनी आत्याचं पत्र घेतलं आणि फाडलं. एकाचे दोन, दोनाचे चार. "हे पोस्टर बाहेर जाणार नाही. कोण चुकलं, ते साहेब आज स्वतःच्या हाताने लिहून देतील आणि ते त्या पाटीशेजारी लागेल. आणि तुम्ही तिघं! चाळीस वर्षं माणसं तपासतेय मी, पण दगड तपासून रोग ओळखणारी आजच पाहिली. शाबास!"

साहेब उठले, हात जोडून आत्यासमोर आले. "बाई, मी माफी..."

"माफी या बाईंकडे मागा. पाय त्यांचा मोडलाय." आत्याने किल्ल्यांचा जुडगा परत कमरेला खोचला. "माझ्याकडे उद्या सकाळी सात वाजता या. साधे बूट घाला. चढ फार आहे हो!"

दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. साहेब काठावरून एकेक दगड छातीशी धरून आणत होते. बावीस पावलं तिकडे, बावीस इकडे. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. आत्या त्या गोलाजवळ कमरेवर हात ठेवून उभी.

"ती बाजू नाही."

साहेबांनी दगड फिरवला.

"तीही नाही."

"बाई, जरा दम..."

"दम नंतर. अजून जेवायची वेळ झालेली नाही."

ढब्बूला हसू आवरेना, म्हणून तो खाली पुळणीकडे बघत बसला. आणि एकदम उड्या मारायला लागला. "चप्पल! अरे, माझी चप्पल! समुद्राने परत दिली!" एक्केचाळीस पायऱ्या तो न मोजता उतरला.

उतरंड उभी राहिली. आत्याने साहेबांना समोर उभं केलं.

"आता डोळे मिटा. हात लावा. समुद्र कुठे?"

साहेबांनी डोळे मिटले. बोटं दगडांवर फिरली. खरखरीत, गुळगुळीत, पुन्हा खरखरीत. त्यांनी हात वर केला आणि समुद्राकडे दाखवला. डोळे उघडल्यावर ते आत्याकडे बघू शकले नाहीत. कोट उचलून, मान खाली घालून ते वाटेने परत गेले. आत्याने त्यांना थांबवलं नाही.

मग तिने पिशवीतून गारगोटी काढली आणि भिंगरीच्या हातात दिली. आजवर ती दुसऱ्या कुणाला ठेवू दिली नव्हती तिने. भिंगरीने ती अलगद वर ठेवली.

"आत्या, आमची शाबासकी?" पंडितने विचारलं.

"शाबासकी? मी दीड वाजता म्हणाले होते. तुम्ही एक अडतीसला ओलांडलंत! वाळूत कधी पोचलात ते मला कळत नाही असं वाटलं? वरच्या वळणावर उभी होते मी, दोराच्या अलीकडे, स्वयंपाकघरातलं घड्याळ हातात घेऊन, जीव मुठीत धरून! आठ मिनिटं! त्या आठ मिनिटांत माझं काय झालं, ते माझं मला माहीत!"

तिघांच्या माना खाली गेल्या.

आत्याने डोळे मिटले. तिचा राकट तळवा उतरंडीवरून सावकाश फिरला, वरपासून खालपर्यंत, दगडामागून दगड. मग तोच तळवा भिंगरीच्या डोक्यावर आला, तिथून पंडितच्या, आणि मग नुकत्याच धापा टाकत वर आलेल्या ढब्बूच्या. तसाच सावकाश, बाजू तपासल्यासारखा.

"हं," आत्या म्हणाली. "बरोबर लागलेत."

एकोणीस वर्षांत एवढी मोठी शाबासकी तिने कुणालाच दिली नव्हती.